झुलीखालची खांद

शिकलेल्या माणसांशी माझं पहिल्यापासून जमलं नाही. मी दुसरी पास आहे. तीही गुरुजींच्या म्हशीला चारा टाकून पास केली, असं माझी घरची म्हणायची. तेव्हा कोणी म्हणेल, या म्हाताऱ्याला काव्यातलं काय कळतं. मीही तेच म्हणतो. मला काव्यातलं कळत नाही. मला फक्त माझ्या सहा ओळींतलं कळतं, कारण त्या मी केल्या. पण एका विद्वान माणसानं माझ्या तोंडावर सांगितलं की तेही मला कळत नाही. त्यापायी माझ्या हातची बैलजोडी गेली. म्हणून हे लिहायला बसलो. चुका असतील तर असू द्या, त्या माझ्या आहेत.

मी देवळीकडच्या एका गावात मालगुजाराकडे, म्हणजे गावच्या जमीनदाराकडे, सालदार होतो, सालभराच्या बोलीचा गडी. मालगुजारी जाऊन तेव्हा दोनतीन वर्षं झाली होती. कागदावर मालक आता आमच्यासारखाच एक शेतकरी. पण गावानं त्यांना मालक म्हणणं सोडलं नव्हतं, आणि त्यांनीही ऐकणं सोडलं नव्हतं. पोळ्याला तोरणाखाली पहिली जोडी त्यांचीच उभी राहायची. ती जोडी माझ्या हातची. एक तांबडा, एक पांढरा. तांबडा गोऱ्हा होता तेव्हापासून मी त्याला वाढवला. तो माझ्याशिवाय दुसऱ्याच्या हातून सरकीची ढेप खात नसे. ही बढाई नाही, गावात विचारलं असतं तर कोणीही सांगितलं असतं.

त्या वर्षी मालकांनी पोळ्याच्या आधी देवळीच्या सुताराकडून रेंगीसाठी नवं जू करून आणलं. रेंगी म्हणजे माणसं बसायची हलकी गाडी. जू बाभळीचं, लाल-हिरव्या रंगाचं, वर वेलबुट्टी काढलेली. दिसायला नवरीसारखं. पण खालच्या अंगाला सुतारानं रंधाच फिरवला नव्हता. एक कड उभी राहिली होती. वेलबुट्टी काढायला त्याला वेळ मिळाला, कड मारायला मिळाला नाही. पुढे असे विद्वानही मी पाहिले.

आठ दिवस मालकांची कामं होती. रोज रेंगी, रोज चिखल. तांबड्याची खांद आली. ज्यांनी बैल जुतला नाही त्यांच्यासाठी सांगतो, मानेवर जिथं जू बसतं ती खांद. ती सोलून आतून पाणी धरलं की खांद आली म्हणतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही हळद-लोण्यानं बैलांची खांद शेकतो. त्या दिवशी मी हात लावला तर तांबड्याच्या अंगावरचं कातडं शेपटीपर्यंत थरारलं.

मी मालकांना तीनदा सांगितलं. पहिल्यांदा म्हणाले, "पोळा होऊ दे." दुसऱ्यांदा म्हणाले, "तुले रेंगी हाकायचा कंटाळा आला असंल." मग मी आपल्या मनानं विळ्यानं जुवाची कड तासायला घेतली, तर रंगाचे टवके निघाले आणि मालक ओसरीतून ओरडले, "अबे, देवळीचा रंग हाये तो." तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा पाहुणे आले होते, मालक ऐकून न ऐकल्यासारखे त्यांच्याकडे वळले.

पाहुणे नागपूरच्या कॉलेजात मराठी शिकवायचे. आम्ही त्यांना पोफेसर साहेब म्हणायचो. खिशाला दोन पेनं आणि हातात जाड वही. आमच्या झडत्या उतरवून घ्यायला आले होते. झडती म्हणजे पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलं उभी असताना ज्याच्या त्याच्या जोडीवाल्यानं मोठ्यानं म्हणायच्या ओळी. त्यात देवाचं असतं, बैलाचं असतं, आणि शेजाऱ्याच्या नाकाचंही असतं. त्या दिवशी कोणाला राग यायचा नाही, ही रीत. तोरणाखालचं तोरणाखालीच राहायचं. कोतवालाच्या घोरण्यावर, पाटलिणीच्या पातळ वरणावर झडत्या झाल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी ती माणसं सोबत जेवली होती.

म्हणून मी ठरवलं, जे तीनदा ऐकलं नाही ते झडतीत सांगायचं. तिथं मालकांना ऐकावंच लागेल. वावरात निंदण करता करता ओळी जुळवल्या. तोरणाखाली तांबडा उभा. शिंगाला बेगड, कपाळाला गुलाल, आरशांची झूल पार मानेपर्यंत आलेली, त्यामुळे खांद दिसायचीच नाही. वर ते नवं जू शोभेला आडवं धरून दोन माणसं उभी. मी छातीवर हात ठेवून म्हटलं:

शिंगाले बेगड, गळ्यात घुंगूरमाळ,
झुलीले आरसे, गुलालानं लाल भाळ.
पहिला मान याचा, पाहे सारा गाव,
झुलीखाली पाहा, मंग कळंल घाव.
रंगाचं नवं जू, दोन दिस सोडा,
झूल उचला आधी, मंग तोरण तोडा.

लोक हसले. मालकही हसले. डफडं वाजलं, तोरण तुटलं, पोळा फुटला. झूल कोणी उचलली नाही. पण मालक माझ्याकडे पाहून हसले होते, म्हणजे कानापर्यंत गेलं होतं. घरी जाऊन जेवले की गोठ्यात येऊन पाहतील, असं मी धरून चाललो.

पोळ्याला सालदाराला मालकाच्या घरी जेवण असतं. संध्याकाळी मी ओसरीच्या या टोकाला बसलो होतो, त्या टोकाला पाटावर मालक आणि पोफेसर. पुरणाच्या पोळ्या, वर तूप. पोफेसरांनी डाव्या हाताशी वही उघडून ठेवली होती.

"मालक," ते म्हणाले, "तुमच्या या गड्यानं आज जे म्हटलं ती साधी झडती नव्हे. ती अन्योक्ती आहे."

"म्हणजे काय जी?"

"बोलायचं बैलाविषयी, सांगायचं माणसाविषयी. आता पाहा, पहिला मान अजून ज्याचा आहे, पण सत्ता गेली आहे, असा हा कोण? झूल म्हणजे जुना डामडौल. आरसे म्हणजे त्यात स्वतःलाच पाहणं. नवं जू म्हणजे नवा कायदा. आणि झुलीखालचा घाव म्हणजे मालगुजारी गेल्याचं दुःख, जे तो सगळ्यांपासून लपवतो. किती करुणा आहे पाहा. एका सालदाराला आपल्या मालकाची कीव यावी."

मालकांचा हात तुपाच्या वाटीत होता, तो तिथंच राहिला.

"अस्सं," ते म्हणाले.

आमच्या गावात मालकांना शिव्या देणारे होते, घाबरणारे होते, त्यांच्या मागे नकला करणारे होते. कीव करणारा कोणी नव्हता. ते एक त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. मी घास खाली ठेवला.

"साहेब, तो तांबडा बैल हाये. त्याची खांद आली हाये. गोठ्यात बांधला हाये, जेवण झालं की पाहून घ्या."

पोफेसर माझ्याकडे पाहून हसले. लहान पोरानं पहिला शब्द बोलावा आणि आजोबांनी हसावं, तसे.

"पाहिलंत? कवीला स्वतःलाच ठाऊक नसतं. ते आतून येतं."

"आतून काय येते ते मले मालूम हाये साहेब. म्यां आत्ताच चार पोळ्या खाल्ल्या."

मालक हसले नाहीत. पोफेसर मात्र पुढे पंधरा मिनिटं 'सारा गाव' या दोन शब्दांवर बोलले. सारा गाव म्हणजे लोकशाही, पूर्वी मालक गावाकडे पाहायचा आणि आता गाव मालकाकडे पाहतो, वगैरे. आता खरं सांगायचं तर 'घाव' आधी सुचला होता आणि त्याच्या जोडीला दुसरं काही बसेना म्हणून मी 'गाव' टाकला होता. हे मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याचाही अर्थ काढला असता. म्हणून हात धुतला आणि उठलो. गोठ्यात कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कर. त्या सकाळी आमच्याकडे मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेतात, रोगराई, माशा, मच्छर सगळं तिच्यासोबत धाडतात. ते आटोपून आलो तर मालकांचं बोलावणं. बैठकीत पाच जुनी माणसं बसलेली. पोफेसरही होते. त्यांना वाटलं होतं आज आणखी झडत्या मिळतील.

मालक म्हणाले, "शब्द म्यां माफ केला. तोरणाखालचं तोरणाखाली. पण अर्थ काही तू तोरणाखाली नाई सांगतला. अर्थ माह्या ओसरीत निंगाला."

"मालक, अर्थ म्यां सांगतलाच नाई. या साहेबायनं सांगतला."

"त्यायनं वाचला. लिवला कोणं?"

"असे अर्थ लिवता येत असते तर सालदारी कायले केली असती?"

एक म्हातारा खोकल्याच्या आडून हसला. मालकांचा चेहरा आणखी उतरला. ते म्हणाले, "मंग सांग, तुह्या मनात काय होतं?"

"तांबड्याची खांद होती."

"हे पाहा," पोफेसर मध्ये पडले. त्यांना आता कळलं होतं की आपल्या कौतुकानं घोटाळा झाला. माणूस वाईट नव्हता, हे मी कबूल करतो. आपण टाकलेल्या काडीनं घर पेटलं तर पाणी घेऊन धावेल, असा होता. पण पाणीही वहीतलंच. "हे पाहा, मालक, या ओळींचा दुसराही एक अर्थ लागतो. खरं तर तोच अधिक सखोल आहे. बैल म्हणजे देह. झूल म्हणजे प्रपंच. जू म्हणजे वासना, म्हणून ते रंगीत. घाव म्हणजे जन्ममरणाचं दुःख. आणि तोरण म्हणजे मोक्षाचं दार. झूल उचलल्याशिवाय ते तुटत नाही. यात कोणाचा अपमान नाही. हे तर आपल्या संतांचंच बोलणं आहे."

मालकांचा चेहरा फुलला. पाचही म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एकानं तर हात जोडले, कोणाला ते त्यालाच माहीत.

"हे बरं हाये," मालक म्हणाले. "तू या पाच जणांत हो म्हण. देहाबद्दल बोललो होतो म्हण. सालदारी राहीन, दावं तुह्याच हाती राहीन. आन् एक धोतरजोडी वरून देतो."

मी पोफेसरांना विचारलं, "साहेब, काल बैल म्हणजे मालक होते, आज देह झाला. रात्रीतून बैल बदलला का?"

"तसं नव्हे. एकाच कवितेत अनेक अर्थ नांदतात."

"त्यात एखादा बैल नांदू शकते का नाई?"

"अहो, तुमचं नुकसान होतंय," ते कळवळून म्हणाले. "फक्त हो म्हणा. अर्थ नीट बसतो आहे ना?"

"बसते ना साहेब. देवळीचं जूबी तांबड्यावर नीट बसते."

मग मी मालकांकडे वळलो. मी म्हटलं, "मालक, गोठा वीस पावलावर हाये. मोक्ष लांब हाये. चाला, झूल उचलून पाहू."

आता इथं माझंही चुकलं असेल. असं बोलायला नको होतं. पाच माणसांसमोर मालकांना चाला म्हणणं म्हणजे त्यांना खोटं पाडणं. ते उठले असते तर सालदाराच्या सांगण्यावरून उठले असं झालं असतं. ते बसून राहिले. म्हणाले, "उद्या पाह्यटी दावं आणून दे."

घरी आलो तर घरचीच्या कानावर सगळं आधीच आलेलं. ती चुलीशी होती.

"हो म्हणाले जीभ झडली असती काय?"

"देह म्हणावं लागत होतं."

"मंग म्हणायचं. देह तर देह. तुमाले काय पैसे पडत होते?"

"तांबडा हाये तो."

"तांबड्याले काय फरक पडते त्याले कोणं काय म्हटलं?"

"हो म्हटलं असतं तर त्याची खांद कोणी पाहिली असती? साऱ्यायनं मोक्ष पाह्यला असता."

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "सकाळी मारबत नेली, तवाच तिच्यासंग त्या पोफेसराले काऊन नाई धाडलं?"

मी हसलो नाही, पण बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र मी त्या दिवशी आणि नंतर कितीतरी वर्षं तपासली. पोफेसर म्हणाले होते, कवीला ठाऊक नसतं. हे मला माशीसारखं चावत राहिलं. निंदताना, वखर हाकताना मी स्वतःला विचारायचो, बाबा, खरं सांग, ओळी जुळवताना मालक मनात होते का? होते. त्यांच्यावर राग होता. तीनदा सांगून ऐकलं नाही म्हणून राग. पण रागानं ओळी केल्या म्हणून त्या रागावर होत नाहीत. भुकेच्या तडाख्यात वावर वखरलं म्हणून कोणी वावराला भूक म्हणत नाही. आणखी एक कबूल करतो. मालकांबद्दल पोफेसर जे बोलले ते खोटं नव्हतं. मालगुजारीचा घाव मालकांना होता, आणि ते तो झाकत होते. ती गोष्ट पोफेसरांनी स्वतःच्या डोळ्यांनी ओळखली असेल तर स्वतःच्या तोंडानं सांगायची. माझ्या बैलाच्या पाठीवर कशाला लादायची? खरी गोष्ट चुकीच्या गाडीत घातली तर ती खरी राहते, पण गाडी मोडते. ही माणसं गाडी कोणाची हे विचारतच नाहीत.

तिसऱ्या दिवशी पोफेसरांना देवळीहून मोटार पकडायची होती. रेंगी सजवली होती. पाहुण्यांच्या मानासाठी तांबड्या-पांढऱ्यावर पुन्हा झुली, आणि तेच नवं जू. मालकांचा दुसरा गडी हाकायला तयार उभा. पोफेसर आधीच गाडीत चढून गादीवर बसले होते, घड्याळ पाहत.

आमच्याकडे सालदार गेला की तो दावं पुढच्या गड्याच्या हाती देत नाही. मालकाच्या हाती देतो. मालक मग ज्याला द्यायचं त्याला देतो. मी दोन्ही बैल आणले आणि दावं मालकांच्या हातात ठेवलं.

"एक मागतो," मी म्हटलं. "जू तुमच्या हातानं ठेवा. मंग मी जातो."

मालकांनी जन्मात जू उचललं नव्हतं. नाही म्हणाले असते. पण पाहुणे वरून पाहत होते, गडी पाहत होता, आणि येत नाही असं म्हणणं त्यांच्यानं झालं नसतं. त्यांनी जू उचललं, तांबड्याच्या मानेवर टेकवलं. ते नीट बसेना म्हणून त्यांनी झुलीखाली हात घातला.

तांबड्यानं लाथ मारली नाही. मुंडी हलवली नाही. त्यानं फक्त मान हळूहळू खाली नेली, जणू हात चुकवायचा आहे पण मालकाचा आहे म्हणून चुकवता येत नाही, आणि त्याचं सगळं कातडं थरारलं. झुलीवरचे आरसे हलले. मालकांनी हात बाहेर काढला. मनगटापर्यंत ओला होता. पू आणि रक्त. ते हाताकडे पाहत राहिले. पुसला नाही.

"काय झालं?" पोफेसरांनी वरून विचारलं. "मोटार चुकेल."

"काई नाई जी," मालक म्हणाले. "बैल लंगडला." आणि गड्याला म्हणाले, "ह्यायले सोड. वावरातली जोडी आन. जुनं जू लाव."

गडी गेला. मालक माझ्या जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "किती दिवसापासून?"

"पोळ्याच्या आधीपासून. तीनदा सांगतलं."

"सांगतलं खरं."

मला वाटलं, आता दावं परत देतील. त्यांनाही द्यायचं होतं, हात तसा पुढे आला होता. मग तो थांबला. रस्त्याच्या पलीकडे दोन बाया पाणी घेऊन उभ्या होत्या, आमच्याकडे पाहून पदराआड काही बोलत होत्या. ओसरीतलं आणि बैठकीतलं बाहेर फुटलं होतं, कालपासून सगळ्या गावात एकच चाललं होतं, मालकाचा घाव, मालकाची झूल. पोरं गल्लीत म्हणत फिरत होती.

"तुले ठेवला तर लोक म्हणतीन घाव खराच हाये," ते म्हणाले. "आता गावानं तोच अर्थ धरला. मले बैल कळला, पण मी एकटा काय करू?"

मी केलेल्या ओळी, त्यांचा बैल, आणि अर्थ एका परक्या माणसाचा. आम्ही दोघंही खरं काय ते जाणत होतो, आणि दोघांचंही काही चालत नव्हतं.

"दोन महिने जू नाई लावायचं," मी म्हटलं.

"नाई लावत."

"आन् कड तासा."

"आजच तासतो. रंग गेला तर जाऊ दे."

त्यांनी दावं स्वतःच्या हातात धरून तांबड्याला गोठ्यात नेलं. पाठमोरे दोघं सारखेच चालत होते, जड, मान खाली. हे मी पोफेसरांना सांगणार नाही.

दिवाळीपर्यंत तांबड्याच्या मानेवर जू आलं नाही, हे त्या गड्यानंच मला बाजारात सांगितलं. मी मात्र दावं दिलं त्याच सकाळी देवळीचा रस्ता धरला, कापसाच्या जिनात काही काम मिळतं का पाहायला. चिखल गुडघ्यापर्यंत. थोड्या वेळानं मागून रेंगी आली. वावरातली जोडी सवय नसल्यानं ओढत नव्हती, फसत होती. पोफेसरांनी गाडी थांबवली.

"बसा ना वर. मला तुमच्याशी बोलायचंय. काल जे झालं ते दुर्दैवी होतं, पण त्या शेवटच्या ओळीबद्दल माझी एक शंका राहून गेली आहे."

"नाई साहेब," मी म्हटलं. "बैलायले वजन होईन."

त्यांनी वही उघडली. मी पाहिलं, ते माझं हे वाक्यही लिहून घेत होते. मी बांधावर चढलो आणि वावराच्या कडेकडेनं पुढे निघालो.